लाल मखमलीखालचा खटका

खळ्ळ करून पत्र्याचं झाकण फरशीवर पडलं. नांदूरघाटच्या त्या घरात भर दुपारची सामसूम होती. ओसरीत तेजश्री शिवणाचा डबा उघडून कात्री शोधत होती. अंगणात उभ्या गाडीची दारं उघडी होती, म्हणून तो आवाज माझ्यापर्यंत आला. ऐकून माझ्या जिवात जीव आला. का आला, ते सांगतो.

मित्रांनो, मी एक पट्टा आहे. गाडीच्या मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी असतो तो सुरक्षा पट्टा. मला जुना म्हणावं, तर मी अजून एकदाही कामाला आलेलो नाही. नवा म्हणावं, तर गाडी घरी आली त्याच आठवड्यात माझी अडगळ झाली.

मला विणलं तेव्हा धाग्याला धागा असा घट्ट बसवला, की धिप्पाड माणूस लोंबकळला तरी मी तुटू नये. हळू ओढलं तर मी लांबतो आणि एकदम हिसका बसला तर जागीच अडतो. मला एवढंच येतं, पण हे मला चोख येतं. माझे भाग दोन. एक वरून खाली येणारा लांब पट्टा, त्याच्या टोकाला चपटी लोखंडी पट्टी. दुसरा भाग सीटमधून वर डोकावणारा खटका. पट्टी खटक्यात गेली, 'टक्' वाजलं, की मी पूर्ण. ते वाजेपर्यंत मी नुसती लोंबणारी नाडी.

बीडच्या शोरूममधून भागवतने ही गाडी घेतली, तेव्हा तेजश्री आणि त्यांची सायली सोबत होत्या. सायली पहिलीत आहे. शोरूममधल्या संगीता नावाच्या मुलीने गाडी ताब्यात देताना सगळं समजावून सांगितलं. नवी गाडी सुरुवातीला ताणायची नाही, गच्च भरायची नाही. टायर नवे, ब्रेक नवे, त्यांना बसायला वेळ द्यायचा. बाहेर निघण्याआधी हवा, पाणी, तेल, दिवे आणि पट्टे बघायचे. लहान मुलांना वेगळी उंच बैठक घ्यायची, म्हणजे पट्टा गळ्याला लागत नाही. भागवत तेव्हा फोनवर चुलत्यांना विचारत होता, "काका, लिंबं चारी चाकाखाली ठिवायची का फकस्त म्होरल्या?" संगीताचं बोलणं तेजश्रीने ऐकलं. आणि सायलीने तर ते गाण्यासारखं पाठच केलं. हवा, पाणी, तेल, दिवे, पट्टे.

लिंबं चिरडली, नारळ फुटला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. मग भागवतने गाडी केजला सीटकव्हर बसवायला नेली. लाल मखमली कापड, जाड फोम. कारागिराने माझा खटका बोटांनी वर धरून विचारलं, "भाऊ, मागचे खटके वर ठिवू का आत घालू? वर ठिवले तर कापडाला भोकं पाडावी लागतेन."

"आत घाला. मागं कोण बांधतंय बे?" भागवत म्हणाला.

झालं. खटका मखमलीखाली गेला. माझा अर्धा जीव खिडकीत उजेडात, अर्धा फोमखाली अंधारात. पुढच्या सीटवर माझा भाऊ आहे, त्याची गत याहून वाईट. तो बांधला नाही की गाडी टिंगटिंग ओरडते, म्हणून भागवतने त्याला सीटच्या मागून नेऊन खटक्यात अडकवून टाकलं. आता गाडीला वाटतं माणूस बांधलेला आहे. ती गप्प बसते आणि भागवत मोकळा बसतो. माझा संताप होतो तो इथे. आम्हाला तोडलं असतं तर निदान कुणाला दिसलं तरी असतं.

पण सकाळ माझी आवडती. भागवत उठायच्या आत तेजश्री कणीक मळून ठेवायची आणि परातीवर झाकण घालून अंगणात यायची. हाताला पीठ तसंच. तिच्या मागे केस न विंचरलेली सायली. तेजश्री चाकांभोवती वाकून फिरायची, पाण्याची डबी बघायची, तेलाची कांडी जुन्या परकराच्या चिंधीने पुसून पुन्हा बुडवायची. मग ब्रेकवर पाय ठेवायची आणि सायली गाडीमागे उभी राहायची.

"लागला का गं लाल दिवा?"

"लागला. आता इझला. आई, डाव्या दिव्यावर किडा हाय."

"असू दे त्याला."

"हवा झाली, पानी झालं, तेल झालं, दिवं झालं. आता पट्टे."

"हायती गं आत. चल, येणी घालायची तुझी."

रोज हेच. इतर सगळं बघून व्हायचं आणि माझ्यापाशी आलं की येणी घालायची वेळ व्हायची. एकदा तेजश्रीने भागवतला म्हटलंही, "अहो, ते मागचे खटके वर काढून घ्या ना. कापडाला चीरच तर पाडायची."

भागवत हसला. "मेस्त्रीणबाई, नव्या कव्हराला कात्री लावती व्हय? अन् बांधायचं कशाला? माझ्या हातावर भरवसा न्हाई का?"

सासूबाई केशरबाई तुळशीपाशी होत्या, तिथून म्हणाल्या, "नव्या गाडीत बसून अभद्र कशाला बोलावं माय."

तेजश्री आत गेली. मित्रांनो, भागवतच्या त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? भरवसा नाही म्हटलं तर नवऱ्याचा अपमान. आहे म्हटलं तर मी पुन्हा अंधारात.

मग युसूफ वडगावला भावकीतला साखरपुडा आला. पाच जणांच्या गाडीत किती बसले म्हणता? पुढे भागवत, शेजारी त्याचे चुलते सुंदरराव. मागे केशरबाई, तेजश्री आणि आणखी तिघी, मधे आहेराच्या पिशव्या. सायली आईच्या मांडीवर. दारं दाबून लावावी लागली. गाडी बिचारी मागून खाली बसली.

सायलीने माझी पट्टी हातात धरली, सीटवर इकडेतिकडे चाचपलं आणि म्हणाली, "आई, पट्टा कुठं घालू?"

तेजश्रीने भागवतकडे बघितलं. "अहो, जरा हळू तरी घ्या. गाडी नवी हाय, एवढी भरलीय. शोरूमवाली म्हणाली व्हती..."

सुंदररावांनी मागे न बघताच विचारलं, "भागवत, लायसन तुझ्या नावावर हाय का सूनबाईच्या?"

सगळे हसले. भागवतही हसला आणि त्याने वेग वाढवला. तेजश्री गप्प बसली. तिने सायलीला पोटाशी घट्ट धरलं.

पुढे उसाचा ट्रॅक्टर चालला होता, मागे दोन ट्रॉल्या, उसाचे हिरवे शेंडे बाहेर लोंबत होते. मागे लाल दिवा नव्हता, हे खरं. तो एकाएकी शेताच्या वाटेला वळला. भागवतने ब्रेक दाबला. भरलेली, वेगातली गाडी लगेच कुठली थांबते? हिसका बसला आणि मी जागच्या जागी अडलो. अगदी जसं अडायला हवं तसं. पण माझ्यात कोणीच नव्हतं.

आईचे हात घट्ट होते मित्रांनो, मी पाहिलंय. तरी सायली त्यातून निसटली आणि दोन सीटांच्या मधून पुढे जाऊन आदळली. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. गाडीला ओरखडाही नाही. सायलीची भुवई फाटली होती.

केजच्या दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, डोळा थोडक्यात वाचला. घरी आल्यावर केशरबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या, गाडीला समोर काळी बाहुली बांधली. "नजर लागली माझ्या लेकराला," म्हणत त्या खूप रडल्या. त्यांची माया खोटी नव्हती. पण कुणाला वाटलं नाही, की जरा मखमलीखाली हात घालून बघावं. बाहुलीला जागा मिळाली, नवीन लिंबाला मिळाली, मला नाही. भागवतने कव्हरवरचे डाग स्वतः बसून पुसले. कुणी विचारलं की एकच सांगायचा, "ट्रॅक्टरला दिवा नव्हता." तेजश्री-सायलीचं सकाळी अंगणात येणंही बंद झालं.

म्हणून तर आज ते झाकण पडल्याचा आवाज मला एवढा गोड लागला. सकाळीच बीडहून एक खोकं आलं होतं. तेजश्रीच्या भावाने लहान मुलांची ती उंच बैठक धाडली होती. कात्री घेऊन ती गाडीत शिरली, गुडघे टेकून बसली आणि सीट चाचपत तिने मला शोधलं. मग मखमलीत कात्री घातली. चर्र.

भागवत गाडीच्या दाराशी येऊन उभा राहिला. "कव्हर फाडती का?"

"व्हय."

तो तिथून हलला नाही.

मित्रांनो, तुम्ही गाडीत बसाल तेव्हा हात घालून माझा खटका शोधा. सापडला नाही तर विचारा. मोठी माणसं हसतील, हसू द्या. घराण्याचा मान, चालवणाऱ्याचा हात, लिंबू, बाहुली, सगळं आपापल्या जागी असू द्या. पण गाडी हलायच्या आधी मला 'टक्' म्हणू द्या.

सायली नव्या बैठकीवर बसली. भुवईवर पांढरी पट्टी. तेजश्रीने मला हलकेच तिच्या छातीवरून, कमरेवरून ओढलं. मी लांबलो. जन्मात पहिल्यांदा माझी पट्टी खटक्यात गेली.

टक्.

सायलीने माझ्यावरून हात फिरवला, खाली वाकून खटका बघितला, फाटलेली मखमल बघितली. मग आईकडे.

"आई, हा इथंच व्हता? मग त्या दिशी समदे हसले, तवा तू का गप बसलीस?"