चित्राचा वाटा

"पापा, एक सांगायचं होतं," बेकतुर म्हणाला, आणि नेमका तेव्हाच पडद्यावरचा त्याचा लाल ट्रक वळणावर थिजला.

चाकं रस्त्यापासून वीतभर वर, मागे अर्धाच डोंगर. हेडफोनमध्ये थोडी घरघर झाली, मग तीही बंद. जोल्चुबेक अगायनी, म्हणजे गुरुजींनी, माउस हलवला, दोन-तीन बटणं दाबली. पडदा काळा झाला आणि त्यात त्यांचाच चेहरा दिसू लागला.

त्यांनी फोन लावला.

"काय सांगत होतास?"

"काही नाही पापा. पुढच्या रविवारी बोलू. कामावर निघायचंय."

"तब्येत?"

"ठीक. तुमची?"

"ठीक."

फोनवर बापलेकांचं बोलणं एवढंच होई. बेकतुर परदेशी, नोवोसिबिर्स्कच्या एका गोदामात कामाला होता, सहा वर्षं झाली. फोनवर त्याला शब्द सुचत नसत. पण रविवारी दुपारी दोघं त्या ट्रकच्या गेममध्ये शिरत, माल भरत आणि एकामागोमाग एक घाट चढू लागत. हात गुंतले, डोळे रस्त्यावर लागले की पोराचं तोंड आपोआप उघडे. लहानपणीही तो असाच होता. समोर बसवून विचारलं तर मुका, घोड्यावर पुढ्यात घेतलं की कुरणापर्यंत अखंड बडबड.

महिन्यापूर्वी त्या गेमची नवी आवृत्ती आली आणि अगायच्या जुन्या कॉम्प्युटरला धाप लागायला लागली.

आता आठवडाभर ते एक वाक्य घरात फिरणार होतं. काय सांगायचं असेल? आजारी असेल? मुलगी पाहिली असेल? तिसरी शक्यता, तो घरी परत येण्याची, अगाय मनात आणत आणि लगेच बाजूला सारत. तरी सोमवारी त्यांनी बेकतुरची खोली उघडली, गालिचा अंगणात नेऊन झटकला आणि दार पुन्हा ओढून घेतलं. घरातली ती सर्वांत चांगली खोली, दक्षिणेला मोठी खिडकी. बायको शायिर वारल्यापासून अगाय स्वतः स्वयंपाकघरात चुलीजवळच्या बाकावर झोपत. थोरला तिलेक आपली वाटणी घेऊन बिश्केकला वेगळा झाला होता. धाकट्याचं ते वडिलांचं घर, ही रीत सांगायला कोणी लागत नाही.

अगायनी आपल्या आत-बाशी गावच्या शाळेत एकोणतीस वर्षं कॉम्प्युटर शिकवला होता. त्यामुळे यंत्राचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. या यंत्रात चित्र काढणारं वेगळं कार्ड नव्हतं. चित्र काढणारा भाग मुख्य चिपच्याच पोटात राहायचा आणि सगळ्यांच्या मेमरीतून आपलं भागवायचा. वर्गात ते सांगत, "वेगळं कार्ड म्हणजे वाटणी घेऊन निघालेला थोरला. त्याचा कणगा त्याच्यापाशी. आणि हा धाकटा, आईबापाच्याच चुलीवर जेवणारा." मग वर्गातली सगळी शेंडेफळं कोपरखळ्या खात.

मेमरी एकूण चार जीबी. अगायनी यंत्र सुरू होताना येणारी सेटिंगची निळी पाटी उघडली आणि चारातली दोन चित्राच्या नावावर कायमची लावून टाकली. पाहुण्याच्या ताटात मांसाचं सर्वांत मोठं हाड पडलं पाहिजे, उरेल ते घरच्यांनी खावं. बासष्ट वर्षं त्यांनी असंच वाढलं होतं.

गेम उघडला. बर्फ काय, पाइनची झाडं काय! दोन मिनिटं नुसता आनंद. मग ट्रकला उचक्या लागल्या. पेटीतून म्हाताऱ्या उंटाच्या रवंथासारखी करकर येऊ लागली आणि एक वळण घ्यायला पाऊण मिनिट लागलं. आधी बरं होतं म्हणायची पाळी आली.

बुधवारी त्यांनी पेटी शायिरच्या शालीत गुंडाळली, हातगाडीवर ठेवली आणि बाजार गाठला. चिनाराचं दुरुस्तीचं दुकान एका जुन्या लोखंडी कंटेनरमध्ये होतं. ती त्यांचीच विद्यार्थिनी, बेकतुरच्या वर्गातली.

"अगाय! बाळंतीण आणलीत की काय शालीतून?"

"चेष्टा नंतर कर. आधी बघ."

तिने यंत्र सुरू केलं, पाटी उघडली आणि डोक्याला हात लावला. "अहो, पाहुण्याला अख्खी मेंढी वाढलीत! रांधणारी बिचारी उपाशी."

"यजमानाने कमी खावं."

"खावं ना. पण चक्कर येऊन पडला तर वाढणार कोण? दोन जीबीत बाकीच्या यंत्राने जगायचं कसं? मेमरी पुरेना, म्हणून ते सारखं डिस्कवर धावतंय. ती करकर त्याचीच. तुम्हीच शिकवलंत हे आम्हाला."

"शिकवलं होतं," अगाय म्हणाले. "स्वतःच्या घरी विसरलो."

"आणि ऐका, एकदा राखून ठेवला की त्या वाट्याला कुणाला हात लावता येत नाही. चित्र झोपलेलं असो, घरात नसो, ती जागा अडलेली ती अडलेलीच." ती बोलता बोलता आकडे बदलत होती. "राखीव थोडंसंच ठेवायचं. जास्त लागलं तर चित्राचा भाग मागून घेतो, काम झालं की परत देतो."

"मागेल ना पण?"

"मागतो की. तुमच्यासारखा लाजत नाही तो."

मग तिने झाकण काढलं आणि आत बॅटरीचा झोत टाकला. "हा दुसरा कप्पा रिकामा का?"

"मेमरीच्या एका पट्टीत भागत होतं."

"एकटी पट्टी म्हणजे पाटाला एकच तोंड. दोन्ही कप्प्यांत सारखी पट्टी बसवली की दोन तोंडांनी पाणी येतं. चित्राला तर त्याचीच जास्त तहान." तिने डब्यातून एकेक पट्टी काढून पाहिली. एक जुळली. तिच्या कडेला पिवळा पडलेला कागदाचा तुकडा चिकटवला होता आणि त्यावर निळ्या शाईत सातचा आकडा होता, पोटावर आडवी रेघ मारलेला.

अगायनी ती हातात घेतली. "हे माझं अक्षर."

"तुमचंच. शाळेत नवी यंत्रं आली तेव्हा जुनी मोडीत काढली. थोडी मी उचलली." तिने पट्टी परत घेतली. "सात नंबरवर कोण बसायचं, आठवतं?"

"तू आणि बेकतुर. माउसवरून भांडायचात."

"मी जिंकायचे." चिनाराने पट्टी कप्प्यात धरली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. कट्. "बेकतुर बोलला का तुमच्याशी?"

"कशाबद्दल?"

"सहज विचारलं." ती खाली वाकून पडलेला स्क्रू शोधू लागली. तो तिच्या हातातच होता. अगायनी तो पाहिला आणि पाकीट काढलं. पैशाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वर्गात तुमच्या कीबोर्डची चार बटणं मोडली होती मी. फिटलं."

रविवारी एक वाजता अगाय दाढी करून, कोट घालून पडद्यासमोर बसले. गेम उघडला आणि त्यांनी श्वास रोखला.

ट्रक पाण्यासारखा निघाला. काचेवर बर्फाचे कण पडत होते, वायपर ते पुसत होते, आणि पुढे बेकतुरच्या ट्रकचे दोन लाल दिवे घाटातून वळत होते. मागच्या फळीवरची धूळसुद्धा दिसत होती.

"पापा! आज काय उडवताय! नवीन यंत्र घेतलंत?"

"सात नंबरचं."

"काय?"

"काही नाही. समोर बघ, उतार आहे."

एक घाट गेला, पूल गेला. बेकतुरच्या गोदामातल्या मुकादमाच्या नकला करून झाल्या, महाग झालेल्या मटणावर बोलून झालं. मग त्याच्या ट्रकचा वेग कमी झाला. अगायनीही आपला कमी केला. विद्यार्थ्याला उत्तर येत असतं तेव्हा मध्ये बोलायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं.

"पापा, मी इथलं नागरिकत्व घेतलंय. इकडेच राहणार. तुमच्याशी बोलायचा धीर होत नव्हता." दिवे वळणाआड गेले, पुन्हा दिसले. "घर तिलेकच्या मुलाला द्या. माझ्यासाठी अडवून ठेवू नका."

आज काहीच अडकलं नाही. एक शब्द तुटला नाही, एक चाक हवेत राहिलं नाही. काय म्हणालास, ऐकू आलं नाही, असं म्हणायला यंत्राने जागाच ठेवली नव्हती.

"पापा? आवाज येतोय ना?"

"येतोय. स्वच्छ येतोय."

"रागावलात?"

अगायनी गिअर बदलला. "इंडिकेटर न देता वळलास मघाशी. त्याचा राग आहे."

पलीकडे बेकतुर हसला, आणि त्याचं हसणं मध्येच ओलं झालं तेही नीट ऐकू आलं.

"तिकडे थंडी फार," अगाय म्हणाले. "कानटोपी घालत जा."

"घालतो."

दोघांनी माल पोचवला. बेकतुरने तीनदा हॉर्न वाजवला, नेहमीसारखा, आणि लाल ट्रक रस्त्यावरून नाहीसा झाला. अगायनी आपला ट्रक कडेला लावला, दिवे बंद केले, मग यंत्र.

चुलीवरची किटली केव्हाची उकळत होती. ती उतरवून ते बेकतुरच्या खोलीशी गेले. दार पूर्ण उघडून त्याला दगड लावला, म्हणजे चुलीची ऊब आत जाईल. खिडकीतून ऊन गालिच्याच्या मध्यापर्यंत आलं होतं. त्यांनी स्वयंपाकघरातून आपली गादी आणली आणि त्या उन्हात पसरली. मग भिंतीशी रचलेल्या गाद्यांच्या थप्पीतून निळ्या कडेची बेकतुरची गादी खालून ओढून काढली, झटकली, आणि कुणी मागितली तर हात लगेच पोचावा अशी सर्वांत वर ठेवली.