कोपऱ्यातले दहा गुंठे

आधीच सांगते, चूक माझी होती. पण ती कबूल करायची वेळ आली अकरा बायका, एक मॅडम अन् एका इंजिनियरसमोर, म्हणून जरा जड गेलं. एकटीला गाठून कोणी विचारलं असतं तर मी आणखी दहा सालं खोटं बोलले असते.

नवीन जालन्यात बियाण्याच्या गोदामांमागं तीन एकर रान आहे. चारी अंगांनी घरं झाली, मधे हे तेवढं राह्यलं, कारण रानाचे मालक तातेराव मामा, त्यांनी ते विकलं न्हाई. ज्या बाईला स्वतःची जमीन न्हाई तिनं कसावं अन् खावं, म्हणून ट्रस्ट करून देऊन टाकलं. आम्ही बाराजणी, दहा-दहा गुंठ्यांचे बारा तुकडे. दर पाडव्याला चिठ्ठ्या टाकायच्या, जिला जो निघंल तो तिनं सालभर कसायचा. विहिरीजवळचा निघाला तर नशीब, नालीकडचा निघाला तर साल बोंबललं. मामा म्हणायचे, एकच माती एकीकडं राह्यली की ती मालकीण होऊन बसते.

चिठ्ठ्या मात्र अकराच पडायच्या. रस्त्याकडच्या कोपऱ्यातला बारावा तुकडा माझा.

मी आल्ते तेव्हा तिथं नुसता मुरूम होता, वर लोकांनी टाकलेला राडारोडा. कोणी फुकट घेत नव्हतं. मामा म्हणले, "उषा, साफ कर अन् खा." दोन सालं मी दगडं वेचली. माझं माहेर मेंढरंवाल्यांचं. भाऊ सुग्रीव जाफराबादकडून कळप घेऊन निघाला की मी त्याला सांगायचे, चार दिवस माझ्या तुकड्यात मेंढरं बसव, लेंडीखत पडू दे. भर शहरात मेंढरं बसवली म्हणून कॉलनीतली माणसं नाकाला रुमाल लावून भांडायला आली. मी म्हणलं, वांगी खाता ना, मंग वास पण घ्या. असं करत करत तिथं हाताचं कोपर बुडंल इतकी माती झाली.

तिसऱ्याच साली पालक अन् लसूण निघाला. पाडव्याला मामांनी वही उघडली अन् विचारलं, "कोपऱ्याचं काय लिहू?" पिकतं म्हणलं असतं तर तो चिठ्ठीत गेला असता. माझी जीभ कचरली न्हाई. "पडीकच लिहा," मी म्हणलं. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाह्यलं अन् लिहून टाकलं. पुढं दरसाल तेच.

बायकांना काय दिसत नव्हतं का? सगळं दिसायचं. माझ्या मेथीला "उषाचं पडीक" म्हणून हसायच्या. पण वहीत बदल करा असं एकीनं म्हणलं न्हाई. पहिले दगडं कोणालाच नको होती, मंग मागायचं कोणत्या तोंडानं, असं झालं असंल. मी पण मूग गिळून बसले.

मामा गेले. आता त्यांची नात प्रियदर्शनी ट्रस्ट पाहते. कॉलेजात शिकवते, मुक्काम संभाजीनगरला. पोरगी बिलकुल मामांसारखी सरळ. पण ती यायची पाडव्याच्या सुमाराला, तेव्हा पिकं निघून सगळं रान उलगडलेलं असतं. तिला कुठून कळणार कोणतं पिकतं अन् कोणतं न्हाई? ती वहीच वाचणार.

यंदा तिनं पाडव्याच्या चार दिवस आधी मिटिंग बोलावली. अवजारांच्या खोलीपुढं सतरंजी टाकली. सोबत हरिओम नावाचा इंजिनियर, हातात नकाशा.

"आजोबांनी जमीन बायकांसाठी दिली," प्रियदर्शनी म्हणली. "रस्त्याकडं खाली दुकानं काढू, वर मुलींसाठी अभ्यासिका. भाड्यातून कंपाउंडची भिंत होईल. कोणाचा तुकडा जाणार नाही. कोपरा पडीक आहे, तिथंच बांधायचं. उषामावशींना आपण राखणीला ठेवू, पगार देऊ."

भराभर हात वर आले. का न्हाई येणार? कोणाचं काही जात नव्हतं. गोपिकाबाईनं तर दोन्ही हात वर केले. रेणुकाचाही हात वर होता. तिची शीतल बारावीला, घर एका खोलीचं, टीव्ही अन् अभ्यास एकाच भिंतीला. बायका माझ्याकडं चोरून बघून राह्यल्या होत्या. मी खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत बसले. खरं सांगते, राखणीचा पगार ऐकून क्षणभर बरंही वाटलं. लाज राह्यली असती अन् म्हातारपणाची सोय झाली असती.

तेवढ्यात हरिओम उठून माझ्या तुकड्यात गेला. बूट आपटून म्हणला, "खाली मुरूम आहे, पाया भारी बसेल. वरची ही ढिली माती खरडून नालीत टाकून देऊ."

माझं डोकंच फिरलं. मी उठून त्याच्यापुढं जाऊन उभी राह्यले.

"ती ढिली न्हाई," मी म्हणलं. "ती पोसलेली आहे. हात घालून बघ."

त्यानं खरंच हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. बाहीची माती झटकत तो उठला.

प्रियदर्शनीनं वहीत पाह्यलं. "पण इथं पडीक लिहिलंय, मावशी."

"मीच लिहायला लावलं. धा सालं झाली. इथं पिकतं, बराबर पिकतं. चिठ्ठीत जाऊ न्हाई म्हणून मी खोटं बोलले." माझा आवाज चिरकला, तो मला आवडला न्हाई. "मला नका देऊ. कोणालाही द्या. पण ही माती नालीत घालू नका."

मंग हरिओम म्हणला, पडीक नसेल तर दुसरा कोणता तुकडा घ्यायचा ते ठरवा. प्रियदर्शनीनं पुन्हा हात वर करायला सांगितले. मघाशी आभाळाला लागलेले हात आता पदरात शिरले. आता कोणाचाही तुकडा जाऊ शकत होता ना. एकटीचा हात वर राह्यला, रेणुकाचा.

"नालीकडचा घ्या," ती म्हणली. "आठ सालात तीनदा मलाच निघाला. मी चिठ्ठी सोडते. पण पोरींना बसायला जागा करा."

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मी धा सालं ज्याच्यासाठी खोटं बोलले ते ही पोरगी एका वाक्यात सोडून मोकळी झाली.

"तू काही सोडायचं न्हाई," मी तिच्यावरच खेकसले. मंग हरिओमला विचारलं, "या अवजारांच्या खोलीवर मजला चढतो का?" तो भिंत ठोकून, आत-बाहेर फिरून आला. एक हलका मजला झेपंल म्हणला. दुकानं होणार न्हाईत, कंपाउंडची भिंत लांबणीवर पडंल, पण वीस पोरी बसतील. प्रियदर्शनी जरा हिरमुसली, पण तिनं हात मोजले. या वेळेला बाराही वर होते.

राह्यला कोपरा. गोपिकाबाई म्हणली, "यंदा त्याची चिठ्ठी नको. रेणुकाला द्या." कोणी आडवं बोललं न्हाई. मंग नालीकडचा कोणाला, म्हणून सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"बघता काय," मी म्हणलं. "लिहा माझं नाव."

लिहिलं. खोटं कशाला बोलू, मला लई वाईट वाटलं. मोठ्या मनाची बिनाची मी न्हाई. रेणुकाच्या जागी दुसरी कोणी असती तर मी तिच्याशी सालभर बोलले नसते.

मिटिंग उठल्यावर रेणुका माझ्या मागं मागं कोपऱ्यात आली. पाणी कसं सोडायचं, मेथी कुठं धरते, सगळं मी तिला दाखवलं. ती ऐकून राह्यली होती, पण ध्यान दुसरीकडंच.

"तुला माहीत होतं," मी म्हणलं. "तीनदा नालीकडं राबलीस. मंग बोलली का न्हाईस?"

रेणुकानं वाकून मूठभर माती उचलली अन् परत सोडली.

"मावशी, मला दर पाडव्याला वाटायचं, यंदा तू स्वतःच सांगशील."

"मला पण," मी म्हणलं. "दर पाडव्याला."