पन्नासच्या खाली

मित्रांनो, मी एक जुना काट्याचा मीटर आहे, आणि माझं आयुष्य बहुतेक भीतीतच गेलं, असं सांगितलं तर मला हसू नका.

पिंपळनेरजवळच्या एका वीज उपकेंद्रात, कंट्रोल रूमच्या राखाडी पॅनलवर मला बसवलेलं आहे. माझ्या काचेआड एकच काळा काटा आहे आणि त्याने पन्नास या आकड्याजवळ राहायचं असतं. विजेलाही नाडीसारखे ठोके असतात. देशभरात जेवढी वीज वापरली जाते, तेवढीच त्या क्षणी तयार होत असेल, तर सेकंदाला पन्नास ठोके पडतात. वीज कमी पडली की ठोके मंदावतात आणि माझा काटा खाली येतो. तो फारच खाली आला, तर वीज बनवणारी मोठमोठी यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बंद होतात. मग जिल्हेच्या जिल्हे काळोखात जातात. मला हे सगळं ठाऊक आहे, म्हणून तर भीती वाटते.

कारखान्यात माझी तपासणी झाली तेव्हा एक बाई म्हणाल्या होत्या, "याचा काटा फार हलका आहे. जरा काही झालं की लगेच हलतो." मला वाटलं, आता हे मला फेकून देतील. पण त्यांनी मला चांगल्या मालात ठेवलं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. वीज कोळशाची आणि धरणाच्या पाण्याची असायची. माणसांनी सांगितलं की वाढायची, सांगितलं की कमी व्हायची. मग पश्चिमेच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. लोक डबे घेऊन त्या बघायला जायचे. मलाही त्या आवडतात. धूर नाही, राख नाही. पण वारा कोणाचं ऐकत नाही. तो पडला की कुठल्या तरी धरणाचं पाणी घाईघाईने यंत्रांवर सोडावं लागतं. माझ्या काट्याची थरथर तेव्हापासून वाढली.

पुढे कंट्रोल रूममध्ये संगणकाचा पडदा आला. आकडे त्यावर दिसू लागले आणि माझ्याकडे बघणं बंद झालं. कोणीतरी माझ्याशेजारच्या खिळ्याला दिनदर्शिका अडकवली. तिने माझी अर्धी काच झाकली. नव्याने बदलून आलेल्या माहेनूर मॅडमनी ती काढली आणि ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली. माहेनूर इथलीच, बाजारपेठेत वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या इसाकभाईंची मुलगी. इसाकभाई गेल्यावर दुकानामागच्या घरी ती आणि तिची आई सकीनाबी, दोघीच राहिल्या. सकीनाबींची फुप्फुसं कमजोर झाली होती. विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन दिवसभर त्यांच्या उशाशी घुमत असे. जेवणाच्या सुट्टीत माहेनूरचा फोन ठरलेला, "अम्मी, मशीन चालू आहे ना?"

आता त्या दुपारचं सांगतो.

वैशाख होता. ऊन एकाएकी पिवळं पडलं आणि पठाराकडून धुळीची भिंत आली. पत्रे वाजू लागले. मित्रांनो, वारा फार झाला तरी पवनचक्क्या थांबतात. पाती मोडू नयेत म्हणून स्वतःच थांबतात. त्या दिवशी आमच्या पठारावरच्या थांबल्या आणि गुजरातच्या बाजूच्याही थांबल्या. त्याच वेळी दूर कुठेतरी कोळशावर वीज बनवणारा एक मोठा संच बंद पडला. हे सगळं नंतर कळलं. मला तेव्हा एवढंच कळलं, की माझ्या पायाखालची जमीन सरकते आहे.

माझा काटा उतरू लागला.

पडद्यावर मात्र आकडा होता पन्नास.

"ताई, काटा अडकना व्हई," जुने ऑपरेटर रुपचंद भाऊ म्हणाले. "पडदावर बठ्ठं बराबर शे."

माहेनूर जवळ आली. तिने माझ्या काचेवर बोटाने टकटक केलं. काटा थरथरला आणि आणखी खाली गेला. मी इतका घाबरलो, की काय सांगू! माझी स्प्रिंग म्हातारी झाली असेल तर? मीच खोटं दाखवत असेन तर? माझ्यावर विश्वास ठेवून ही उगाच वीज तोडेल. आणि मी खरा असेन, पण हिने ऐकलं नाही, तर?

"अडकलेला काटा थांबतो, भाऊ," ती हळू बोलली. "हा उतरतोय. आणि पडदा बघा, दशांशातला शेवटचा आकडासुद्धा हलत नाही. पन्नास असं दगडासारखं उभं राहतं का कधी? वादळात सिग्नल तुटलाय. तो मघाचंच दाखवतोय."

तिने नियंत्रण केंद्राचा फोन उचलला. त्यात नुसती खरखर होती.

"लोड कमी करावा लागेल," ती म्हणाली.

शेतीपंपांना वीज नेणारी वाहिनी, म्हणजे त्यांचा फीडर, आधीच बंद होता. दवाखान्याच्या फीडरला हात लावायचा नव्हता. उरला बाजारपेठेचा.

रुपचंद भाऊंचा चेहरा उतरला. "तठे तुमनी माय शे ना, ताई!"

"शे," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली आणि तिने स्विच फिरवला.

खटका पडला. अर्धं पिंपळनेर बंद झालं.

घरात ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर होता, पण त्याची चावी फिरवायला सकीनाबींच्या बोटांत जोर नव्हता. माहेनूरने मोबाइल काढला आणि शेजारच्या कमलबाईंना लावला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. आईच्या फोनवर लावला. तोही नुसता वाजत राहिला. तिचं एक बोट अजून स्विचजवळ होतं. ते परत फिरवलं असतं तर मशीन लगेच सुरू झालं असतं. ती माझ्याकडे बघत होती. मी अजून उतरत होतो. बाई गं, माझ्याकडे नको बघूस, असं मला ओरडावंसं वाटलं.

मग काटा थांबला. वर येईना, खाली जाईना. नुसता कापत राहिला.

केंद्राचा फोन खणखणला. "लोड काढा, ताबडतोब!" पलीकडचा माणूस ओरडत होता.

"काढलाय, सर," माहेनूर म्हणाली.

आमच्यासारख्या कितीतरी उपकेंद्रांनी त्या घटकेला भार उतरवला. धरणांचं पाणी यंत्रांवर सुटलं. माझा काटा केसाकेसाने वर येऊ लागला. पण खोलीत कोणालाच हायसं वाटलं नाही, कारण मोबाइल गप्प होता.

तो वाजला तेव्हा तिने दोन्ही हातांनी धरला. आईच्याच नंबरवरून कमलबाई बोलत होत्या, धापा टाकत.

"पोरी, तुनाच घरमा शे मी. पंखा बंद पडना, तशी पयतच उनू. मना फोन चुल्हापाशीच राहिना. तुना फोन वाजे, पन मना हात चावीवर व्हता. चावी फिराई दिन्ही. घाबरू नको."

मागून सकीनाबींचा बारीक आवाज आला, "नूर, डर मत."

माहेनूर स्टुलावर बसली आणि ओढणीत तोंड लपवून रडली. रुपचंद भाऊंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. संध्याकाळ व्हायच्या आधी बाजारपेठेची वीज परत आली.

मित्रांनो, वारा यापुढेही येईल आणि जाईल, पवनचक्क्या आणखी वाढतील. त्यांना सांभाळायला नवी यंत्रं, मोठ्या बॅटऱ्या येत आहेत. त्या याव्यात. तरी माझी भीती जाणार नाही. पण तिला मी आता वाईट मानत नाही. एक मात्र मागतो. तुमच्या गल्लीत कोणाचा श्वास विजेच्या तारेवर चालतो, हे विचारून ठेवा. वीज गेली की "गेली रे!" म्हणून अंगणात ओरडू नका. आधी त्या दारात पळा.