शेंदराखालचा हात

जेसीबीवाल्याशी भांडण काढलं आप्पासोनं, आणि मिटवलं हंबीररावांनी. रस्ता रुंद व्हायचा होता आणि आमच्या बाजीबुवाचा दगड नेमका मधे येत होता.

"दगूड मागं सरकंल, देव काय पळून जात न्हाई," हंबीरराव म्हणाले. गावात त्यांचा शब्द शेवटचा, मग आप्पासो गप्प बसला.

दहिवडीच्या रस्त्याला, आमच्या वाडीच्या फाट्यावर हा दगड. बाजीबुवा मेंढरं पळवणाऱ्या चोरांशी झुंजताना पडला आणि तिथंच त्याचा दगड उभा केला, असं मी सासरी आल्यापासून ऐकत होते. नुसतं ऐकतच होते. दगडावर काय कोरलंय ते कुणी बघितलेलं नव्हतं, कारण पिढ्यान् पिढ्या तेल-शेंदूर थापून त्याचं गाठोडं झालेलं. दर अमावास्येला तेल घालायचा मान धुळाच्या घराचा. दिवाळीनंतर मेंढरं लांब चाऱ्याला निघायची तेव्हा आधी दगडाला तेल, मगच पुढचं पाऊल.

धुळाची बायको हरणाबाई माझी शेजारीण. लग्न होऊन आली तेव्हापासून तेल तिच्याच हातचं. गेल्या वळवात माळावर धुळाच्या अंगावर वीज पडली, आणि तेरावं व्हायच्या आत मान दिराकडं गेला, आप्पासोकडं. घर फिरलं की वासेही फिरतात. तसा आमच्या गावानं ग्रामसभेत ठराव केलाय, की विधवेचं कुंकू पुसायचं नाही आणि बांगड्या फोडायच्या नाहीत. हात वर करण्यात हंबीरराव सगळ्यांच्या पुढं होते. पण अमावास्येला हरणाबाई तेलाची वाटी घेऊन गेली तर हेच हंबीरराव आडवे आले.

"ठराव मानसांचा हाय, हरणाबाई. देवाचं येगळं असतंय. लांबनं पाया पड."

ती भरली वाटी तशीच घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. "बने, मी काय रानात वाटणी मागितली न्हाई. तेवढं त्याल घालू द्यावं. तितं उबी ऱ्हायलं की ह्येंच्या मागं उबी हाय असं वाटतं गं."

मी चहा टाकला, तोही तिनं अर्धाच घेतला. मला फार वाईट वाटलं, पण वाईट वाटून कुणाचा मान परत मिळत नाही.

तर जेसीबीनं दगड उचलला. तो लिंबाखाली न्यायचा होता. पट्टा निसटला, दगड दणकन खाली आला आणि शेंदराची ही एवढाली खपली निघून पडली. आम्ही सगळी वाकून बघायला लागलो. आत खांब कोरलेला होता आणि त्या खांबातून कोपरात वाकलेला एक हात वर आलेला. मनगटापासून बांगड्याच बांगड्या.

"आरं, बाजीबुवाच्या हातात बांगड्या कशा?" आप्पासो म्हणाला. एरवी गाव खदखदा हसलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहिवडीच्या कॉलेजातल्या संयोगिताबाई आल्या. इतिहास शिकवतात. त्यांनी त्या दगडी हातावरची माती पदरानं पुसली आणि सांगितलं, "ही सतीशिळा आहे. नवऱ्याबरोबर जाळलेल्या बाईची. नाव कुठंच कोरलेलं नाही."

हंबीरराव क्षणभर गडबडले, पण पडले तरी त्यांचं नाक वरच. "म्हंजी सतीमाता. गावाचं भाग्य उजाडलं म्हनायचं. तसा मोठा बोर्ड लावू."

"तसं लिहू नका. कायद्यात बसत नाही, आणि बरंही नाही. जिवंत जाळलीय तिला."

"मग 'ऐतिहासिक स्मारक' लिवू. त्ये तर बसतंय न्हवं?"

हरणाबाई मागं उभी होती. कितीतरी महिन्यांनी मला तिचा चेहरा जरा उजळलेला दिसला. ती पुढं होऊन म्हणाली, "आवं, बाईच हाय म्हनल्यावर आता माजी काय आडचन? मी घालते की त्याल."

"आता तर आजिबात न्हाई," हंबीरराव म्हणाले. "सती म्हंजी आखंड सवाशीण. तिला सवाशिणीनंच शिवायचं."

आगीतून निघाली ती फुफाट्यात पडली. संयोगिताबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण हरणाबाई थांबली नाही. खाली मान घालून घराकडं चालायला लागली.

अमावास्येला बोर्डाला हार घातला. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, रस्त्यावरनं जाणाऱ्या गाडीतूनही वाचता येतील अशी. आम्ही सवाशिणी तेलाच्या वाट्या घेऊन रांगेत उभ्या. ऊन मरणाचं तापलेलं. तेवढ्यात हरणाबाई आली, कडेवर भरलेली घागर घेऊन. आमच्याकडं टँकर चार दिवसांआड येतो, घागरभर पाणी म्हणजे घरातला जीव. रांग आपोआप बाजूला झाली.

"हरणाबाई, तुला सांगितलंय, त्याल घालायचं न्हाई," हंबीरराव म्हणाले.

"त्याल आनलंच न्हाई."

"मग ह्ये काय?"

"पानी. भाजलीय ती. भाजलेल्या मानसाला कुनी त्याल घालतं व्हय? पानी मागितलं आसंल तिनं. आपुन आपलं इतकी वरसं त्यालच घालतोय."

आप्पासो हळूच म्हणाला, "वैनी, लोकं बघत्यात."

"तवाबी बघतच हुती, भावजी."

हरणाबाईनं आपला मोकळा हात त्या दगडी हातावर ठेवला, बांगड्यांवरून फिरवला आणि दुसऱ्या हातानं घागर कलती केली. पण दगड किती पिढ्यांचं तेल प्यायलेला. पाणी त्यावर ठरेना. थेंब थेंब होऊन घरंगळलं आणि खालच्या मातीत गेलं. हरणाबाई घागर रिकामी होईस्तोवर ओतत राहिली. माझ्या हातातली तेलाची वाटी मी खाली ठेवली.

"पानी लागलं न्हाई गं तिला," ती मला म्हणाली आणि रिकामी घागर कडेवर घेतली. "उद्या परत आनीन."