तीन बोटं वर

वहिनीच्या दुकानात नियम एकच. जुना भाग नव्याशेजारी झोपवायचा, खूण करायची आणि कापायचं. फूटपट्टीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पट्टी वाचणारा डोळा चुकतो, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, आणि वीस वर्षं सायकली दुरुस्त करणाऱ्या बाईला उलट कोण बोलणार? सगळा बाजार तिला वहिनीच म्हणायचा. खरी नणंद मात्र एकच, आणि ती त्या शनिवारी शटर पुरतं वर जायच्या आत सायकल ढकलत हजर झाली.

"आला ना गं खोका?"

"आलाय. आधी पाणी पी."

"पाणी कुठे पळून जातंय? उघड तू!"

नणंद आरोग्य केंद्रात नर्स होती. डोंगरावरच्या वस्तीत गाडी जात नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी तिने बॅटरीवर चालणारी, डोंगर चढणारी सायकल घेतली. आठवड्यातून दोनदा वर जायचं, कुणाची मलमपट्टी करायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाचं रक्त तपासायला खाली आणायचं. सायकल दणकट होती, पण तिचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के खाणारे ते दोन पाय, हलक्या सायकलीला शोभणारा होता. मोटरचं वजन, बॅटरीचं वजन, बाईचं वजन, औषधांच्या पिशवीचं वजन! बिचारा दोन दगडांवर कसाबसा दबायचा आणि तिथेच अडकून बसायचा. मग पुढचे सगळे दणके थेट मनगटात.

त्यात गेल्या वर्षी तिचं उजवं मनगट मोडलं. (बाथरूममध्ये घसरून, सायकलवरून नव्हे, हे ती न विचारता सांगायची.) हाड जुळलं, पण वर पोचेपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्याचं रक्त घेताना सुई हातातून निसटली. म्हातारा म्हणाला, "होतं असं बाई, सावकाश घ्या." नर्सला पेशंटने धीर द्यायचा!

केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. सोमवारी शेवटची फेरी करून बघा. हात चालला तर फेरी तुमचीच, नाही तर खाली टेबलावर बसून कागद लिहा, वस्तीतले लोक येतील केंद्रात.

"येतायत!" नणंद फणकारली. "तो म्हातारा पायाची जखम घेऊन तीन तास उतरणार? गप्प घरात बसून राहील, दुसरं काय."

नवा फोर्क खोक्यातून बाहेर आला. काळाभोर, जाड पायांचा, आत स्प्रिंगऐवजी हवा. जड सायकलीसाठीच बनवलेला. तो यायला दोन महिने लागले होते. नणंदेने हौसेने हवेच्या तोंडावरचं टोपण फिरवून काढलं आणि ते तिच्या बोटांतून सटकून फरशीवर टणटणत गेलं. वाटाण्याएवढं टोपण. तिने वाकून दोनदा उचलायचा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा वहिनीनेच ते उचललं.

"आणि ऐक," निघता निघता नणंद म्हणाली, "हँडल वर घे. खाली असलं की सगळा भार हातांवर येतो. चांगलं तीन बोटं वर."

"घेते."

"विसरशील."

"मी? विसरेन?"

नणंदेने टेबलावरचं पेन घेतलं आणि खोक्यावर ठसठशीत लिहिलं, तीन बोटं वर. मग गेली ड्यूटीवर.

आता हे समजून घ्या. फोर्कच्या डोक्यावर एक लांब नळी असते. ती फ्रेममधून वर निघते आणि तिच्यावर हँडल बसतं. नवी नळी हातभर लांब येते, आपण हवी तेवढी ठेवून बाकीची कापायची. लांब ठेवली तर हँडल वर. एकदा कापली की मात्र संपलं. ती जोडता येत नाही. जोडली तर उतारावर तुटेल आणि बाई तोंडावर पडेल.

वहिनीने बॅटरी काढून ठेवली, चाक काढलं, जुना फोर्क उतरवला. दोन्ही फोर्क शेजारी शेजारी झोपवले, नव्याला ओरखडे नकोत म्हणून खाली खोका पसरला. जुन्याच्या टोकाशी नव्यावर खूण केली. शिकंज्यात आवळलं, तोच खोका खाली सरकवला, करवत चालवली. हात कसा लोण्यासारखा चालला होता! तुकडा पडला, तिने कानस मारली आणि खोक्यावर पडलेला चमचमता चुरा फुंकला.

चुऱ्याखाली लिहिलेलं होतं, तीन बोटं वर.

वहिनीने कापलेला तुकडा उचलून नळीवर ठेवून पाहिला, जणू तो आपणहून चिकटणार होता. वीस वर्षांची सवय, आणि तिनेच घात केला. जुन्या मापाने कापायचं, जुन्या मापाने! आणि बाईचं सगळं दुखणं त्या जुन्या मापातच होतं.

दुसरा फोर्क मागवायचा तर आणखी दोन महिने. सोमवार परवा. ती तुकडा मुठीत धरून स्टुलावर बसली आणि मग तिच्या मनात तो नको तो विचार आला. सांगायचं, नव्या फोर्कला एवढंच वर जातं. हिला काय कळतंय?

तीन वाजता नणंद आली. सायकल तयार होती, हँडल होतं तिथेच.

"वजन सांग," वहिनी पंप लावत म्हणाली. "त्यावर हवा भरायची."

"साठ."

वहिनीने साठाची हवा भरली. नणंद पिशवीसकट बसली आणि फोर्क फस्सकन खाली गेला. फोर्कच्या पायावरची रबराची कडी तो किती दबला ते दाखवत होती.

"ही कडी काही साठ म्हणत नाहीये हं."

"बरं, सत्तर! पिशवी धरून."

"पिशवी धरून अठ्ठ्याहत्तर," वहिनी हवा वाढवत म्हणाली. "अगं, हवेशी कसली लाज?"

नणंद हसली. मग तिने हँडल धरलं, खांदे पुढे झुकले, उजवं मनगट मागे मोडलं. "छान झालंय," ती म्हणाली, आणि वहिनीची नजर चुकवून हात झटकला.

तेवढं पुरे झालं. वहिनीला वाटलं होतं ही तक्रार करेल, मग आपण थाप मारू. हिने तर आपलं मन राखलं! वहिनीने खिशातून तुकडा काढून तिच्यासमोर धरला.

"ही तुझी तीन बोटं. मी कापली. तू लिहून दिलेलं, तरी कापली."

नणंद तुकड्याकडे बघत राहिली. "परत..."

"नाही जोडता येत. माझी चूक आहे. आणि वर तुला थाप मारणार होते, तेही सांगून टाकते."

नणंदेचे डोळे भरले होते. "मला वाटलं, तुझ्याकडे दिलंय म्हणजे काळजी नाही," ती म्हणाली. वहिनीला वाटलं, हिने चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. तिने मान वर केली, ती फक्त या डोळ्यांना तोंड द्यावं लागू नये म्हणून, आणि समोर भिंतीवर तिला स्वतःची सायकल दिसली.

दर रविवारी ती सायकल घेऊन वहिनी एकटी डोंगरात जायची. तिची पाठ आखडायची म्हणून तिने हँडल निवडून आणलं होतं, मधून खाली आणि दोन्ही बाजूंनी चांगलं वर चढलेलं. नळी आखूड असली म्हणून काय झालं? हँडलच उंच असेल तर?

"ऊठ, ऊठ!" ती ओरडली. "खाली उतर!"

तिने स्वतःची सायकल उतरवली आणि बोल्ट सैल केले. मधली जाडी तंतोतंत जुळली. ब्रेकच्या नळ्या पुरतील का याचाच घोर होता. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितलं, अर्ध्या बोटाच्या फरकाने पुरल्या. सगळं आवळल्यावर आयुष्यात पहिल्यांदा तिने पट्टी घेतली आणि मोजलं. तीन बोटं आणि वर थोडं.

"आणि तुझी सायकल?"

"तिला तुझं जुनं बसवेन. तू जा, चढ."

दुकानामागे पाण्याच्या टाकीपर्यंत सुट्या दगडांचा चढ होता. नणंद वर गेली, खाली आली, परत गेली. तिसऱ्या वेळी ती उतरताना काहीतरी गुणगुणत होती. वहिनीने कडी तपासली आणि फोर्कमध्ये जराशी हवा आणखी भरली. टोपण लावायला ती वाकणार तोच नणंदेने ते फरशीवरून अंगठा आणि करंगळीने उचललं, आणि स्वतः फिरवून बसवलं.

सोमवारी दुकानात वहिनीचं कशातच लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाईकाला तिने पुढचं चाक मागे बसवून दिलं असतं, तेवढ्यात साडेअकराला फोन वाजला. पलीकडे नणंद नव्हती. जाड, म्हातारा आवाज होता.

"सायकलवाल्या वहिनी का? बाईंचे हात गुंतलेत, म्हणून मला बोलायला सांगितलंय."

"काय झालं?" वहिनीने हातातला पाना खाली टाकला.

"काय व्हायचंय? रक्त घेतलं. मी डोळे मिटून वाट बघत होतो की आता टोचणार, आता टोचणार, तर म्हणतात, झालंसुद्धा!"

मागून नणंदेचं हसू ऐकू आलं आणि मग तिचा आवाज, "आजोबा, सांगा तिला, गुरुवारी परत येतेय म्हणावं!"