सुरत जमिनीवर असल्याचा दाखला

शहाण्णव साली अपर्णा मेढेकरला सुरतेतल्या एका संशोधन संस्थेत पोस्ट-डॉक्टरल फेलोची जागा मिळाली. विषय होता दक्षिण गुजरातमधला प्रादेशिक हवामान बदल आणि मुदत दोन वर्षं. तिचे वडील मधुकरराव बँकेतून निवृत्त झाले होते. मुलगी पीएच.डी. झाली इथपर्यंत त्यांना सगळं समजलं होतं. शेजारचे ठाकोरभाई विचारायचे, "डॉक्टर झाल्यावर पुढे आणखी काय व्हायचं असतं?" त्यावर मधुकरराव सांगायचे, "डॉक्टरच. पण करारावर."

संस्थेचे संचालक डॉ. झवेरी स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना निष्कर्ष फक्त लवकर हवे असत, आणि शक्यतो ते स्वतः आधी ठरवत. पहिल्याच दिवशी त्यांनी अपर्णाला सांगितलं, "तापमान दीड अंशाने वाढणार. एक दाखवला तर दिल्लीवाले प्रकल्प बंद करतात, आणि दोन दाखवले तर घाबरून समिती नेमतात."

हवामानाचं मॉडेल परदेशातल्या एका केंद्रातून दिल्लीमार्गे आलं. त्यात सगळी पृथ्वी चौकोनांत कापलेली होती. एकेक चौकोन तीनशे किलोमीटरचा. प्रत्येक चौकोनाला एक आकडा: जमीन असेल तर एक, समुद्र असेल तर शून्य. संस्थेच्या कॉम्प्युटरवर हे मॉडेल चालतं करायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत अपर्णा बहुतेक वेळ एसीच्या खोलीबाहेर बसायची, कारण एसी कॉम्प्युटरसाठी मंजूर झाला होता आणि माणसं आत गेली की खोली तापते, असा झवेरीसाहेबांचा आदेश होता.

मार्चमध्ये पहिला रंगीत नकाशा छापून निघाला. वॉचमन उखा चहा घेऊन आला होता. उखा मूळचा पारोळ्याकडचा. पंधरा वर्षं सुरतेच्या उधन्यात कापडाच्या लूमवर काढली, कानाने कमी ऐकू यायला लागलं तेव्हा वॉचमनकी धरली. नुकताच त्याने डिंडोलीला एक प्लॉट घेतला होता. तो नकाशावर वाकला.

"ताई, आपलं सुरत कोठे शे?"

अपर्णाने बोट ठेवलं.

"हाई तं निळं शे," उखा म्हणाला. "निळं म्हंजे काय?"

"निळं म्हणजे..." अपर्णा थांबली. तिने आकड्यांची फाइल काढून सुरतेचा चौकोन शोधला. तिथे शून्य होतं. खंभातचं आखात आणि अरबी समुद्र त्या चौकोनात अर्ध्याहून जास्त भरत होते, म्हणून मॉडेल करणाऱ्याने तो सबंध चौकोन समुद्रात टाकून दिला होता. चार महिने ती ज्या शहराचं हवामान अभ्यासत होती ते शहर मॉडेलमध्ये पाण्याखाली होतं.

"म्हणजे समुद्र," ती म्हणाली.

उखाने कप खाली ठेवला. "मना प्लॉट बी दर्यामा?"

"कॉम्प्युटरमध्ये. खरा नाही हो, उखाभाऊ."

"ज्यानी हाई काढं, तो कधी आठे उना व्हता का?"

"नाही आला."

उखा समाधानाने गेला. अपर्णा नकाशा घेऊन झवेरीसाहेबांकडे गेली.

"समुद्र असेल तर उकाडा कमी दिसेल," ते म्हणाले. "चांगलंच आहे."

"पण सर, सुरत समुद्रात नाही."

"पावसाळ्यात असतं." मग तिचा चेहरा पाहून म्हणाले, "बरं, शून्याचं एक करून टाका. एवढ्याशासाठी मला कशाला विचारता?"

अपर्णाने शून्याचं एक केलं. प्रामाणिकपणे तिमाही अहवालात एक ओळही लिहिली: ‘सुरतेचा चौकोन समुद्रातून जमिनीत घेतला आहे.’ तेवढी एक ओळ तिने लिहिली नसती, तर पुढचं काही झालं नसतं.

दीड महिन्याने दिल्लीहून उपसचिवांचं पत्र आलं. सदर चौकोन समुद्रातून जमिनीत कोणत्या आधारे घेण्यात आला ते कळवावे आणि सुरत ही जमीन असल्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला सोबत जोडावा.

झवेरीसाहेबांना पत्रात काही गैर वाटलं नाही. "दाखला मागितलाय तर देऊ," ते म्हणाले. "संस्थेची गाडी घेऊन जा."

गाडी साहेबांच्या मुलीला क्लासला सोडायला गेली होती, म्हणून अपर्णा रिक्षाने तलाटी कार्यालयात गेली. तलाट्याने पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"बेन, जमीन कोणाची आहे ते मी लिहून देतो," तो म्हणाला. "पडीक आहे का पिकाखाली, तेही लिहून देतो. जमीन ही जमीन आहे असं लिहून द्यायला आमच्याकडे फॉर्म नाही."

"मग कोण देईल?"

"कलेक्टर ऑफिसात विचारून बघा. पण ते कागद माझ्याकडेच पाठवतील."

त्यांनी पाठवलाच. तीन आठवड्यांनी तोच अर्ज शेरा घेऊन तलाट्याच्या टेबलावर परत आला आणि तलाट्याने अपर्णासाठी चहा मागवला. दोघांपुढेही दुसरा काही मार्ग नव्हता.

मार्ग उखाने काढला. एके सकाळी त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून तिच्या टेबलावर ठेवला. त्याच्या डिंडोलीच्या प्लॉटचा सातबाराचा उतारा. सही, शिक्का, सर्व्हे नंबर, सगळं जागच्या जागी.

"हाई जमीन शे म्हनी सरकारनी लिखेल शे," तो म्हणाला. "दर्याना सातबारा निंघत नही."

अपर्णाने झेरॉक्स काढून ती परिशिष्ट दोन म्हणून जोडली. एका वॉचमनच्या गुंठाभर प्लॉटवर तीनशे किलोमीटरचा चौकोन उभा राहिला, आणि दिल्लीने पत्र पाठवून तो आधार मान्य केला.

मात्र त्याच पत्रात पुढचा परिच्छेद होता. मंजूर मॉडेलमध्ये जमिनीचे जितके चौकोन होते तितकेच राहणे आवश्यक आहे. एक वाढला असल्यास अन्यत्र एक कमी करून एकूण बेरीज जुळवावी.

"कुठलातरी एक काढा," झवेरीसाहेब म्हणाले. "ओसाड बघून."

शेवटी एका दुपारी अपर्णा नकाशा पुढे घेऊन बसली. शास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे, असं तिने साहेबांना दोनदा लिहून दिलं होतं. दोन्ही वेळा कागदावर ‘पाहिले’ असा शेरा येऊन तो परत आला होता. ओसाड चौकोन तिला सापडेना. ज्याच्यावर बोट ठेवावं तिथे कोणीतरी राहत होतंच. सुरतेला लागून पूर्वेचा चौकोन खानदेशाचा होता.

"तो नको, ताई," चहा घेऊन आलेला उखा म्हणाला. "तठे आधीच पानी नही. दर्या दिसना तं सगळं गाव हंडा लिसन पयत यी."

अपर्णा हसली नाही. तिला वर्षभरात पहिल्यांदा राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा हे कळत नव्हतं. तिने उपसचिवांचं पत्र परत वाचलं. कोणता चौकोन काढावा, यावर पत्रात काही अट नव्हती. तिने पत्राच्या वरच्या कोपऱ्यातला पत्ता पाहिला, फाइल उघडली आणि दिल्लीच्या चौकोनात एकाचं शून्य केलं.

मॉडेल पाच दिवस चाललं. दिल्लीची थंडी ओसरली, उन्हाळ्यातली गरम लू बंद झाली, संध्याकाळी खारे वारे सुटले. अपर्णाने लपवाछपवी केली नाही. अहवालाच्या त्रेपन्नाव्या पानावर तक्त्यात लिहिलं, नकाशात दिल्ली निळी दाखवली आणि वर नावही छापलं. झवेरीसाहेबांनी अहवाल हातात तोलून पाहिला, जाडी बरी वाटली, सही केली.

सादरीकरण दिल्लीत झालं. आढावा समितीचे अकरा सदस्य, मधे बिस्किटं. अपर्णाने पारदर्शिका पडद्यावर टाकली. नोकरी जाईल, बदनामी होईल, वडिलांना काय सांगायचं, सगळं तिच्या मनात येऊन गेलं.

एका सदस्याने विचारलं, "उत्तरेत उन्हाळा एकदम इतका सौम्य कसा दिसतो?"

"प्रादेशिक परिणाम," झवेरीसाहेब म्हणाले. सदस्याने ते लिहून घेतलं.

उपसचिवांनी विचारलं, "चौकोनांची बेरीज जुळते?"

"जुळते," अपर्णा म्हणाली. मग तिला राहवेना. "सर, या नकाशात दिल्ली समुद्रात आहे. आपण बसलोय ती जागासुद्धा."

खोलीत कोणीतरी बिस्किट मोडलं. अध्यक्षांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"ते अहवालात आलंय ना?"

"आलंय, सर. पान त्रेपन्न."

"मग झालं," अध्यक्ष म्हणाले. "जेवायला चला."

प्रकल्पाला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. परतीच्या गाडीत झवेरीसाहेब खुशीत होते. तापमानवाढ बरोबर दीड अंश आली होती. अपर्णा खिडकीबाहेर पाहत बसली. पकडले गेलो असतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

सोमवारी तिने उखाला सगळं सांगितलं. दिल्ली बुडाल्याचं त्याला विशेष काही वाटलं नाही.

"ते ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पन आठे गरमी वाढनी का नही? मना भाऊ सुकदेव म्हनस, लूमना खात्यामा आते उभं ऱ्हावाई नही ऱ्हायनं."

एवढा पैसा, एवढे नकाशे, आणि या साध्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिने ओळखीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून चार थर्मामीटर मागून आणले. एक उधन्याच्या लूमखात्यात सुकदेवच्या मशीनशेजारी टांगला, एक डिंडोलीला, एक कतारगामात, एक स्वतःच्या घराच्या गच्चीत. झवेरीसाहेबांनी विचारलं, हे काम प्रकल्पाच्या कुठल्या मुद्द्याखाली येतं. कुठल्याच नाही, असं तिने लेखी दिलं. त्यावरही ‘पाहिले’ असा शेरा आला.

रविवारी ती उधन्याला गेली तेव्हा सुकदेवच्या मशीनशेजारचा थर्मामीटर जागेवर नव्हता. लूमचा आवाज इतका होता की सुकदेवने तिला दाराबाहेर आणून सांगितलं.

"शेठनी काढाले लावं, ताई. म्हने, लोके आकडा वाचतस आन् मंग पंखा मांगतस."

"मग फेकून दिलात?"

"नही." त्याने आत, सुताच्या बाचक्यांच्या मागे बोट दाखवलं. "तठे टांगेल शे. दुपारले दोन वाजता मी जाई वाचस."

त्याने खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला. त्यावर पेन्सिलीने सहा दिवसांचे सहा आकडे लिहिलेले होते. अपर्णाने भिंतीला टेकून ते आपल्या वहीत उतरवून घेतले आणि सातव्यासाठी दोन वाजायची वाट पाहत तिथेच उभी राहिली.