ट्रॉलीतली बारावी बाई

"मला मोजलं का नाही, मावशी?"

सकाळी ट्रॉलीचा फाळका धरून ती उभी राहिली, चढेचना. खुरपणीला बाया नेणारी मुकादमीण गडबडलीच. आठ महिन्यांत या बाईच्या तोंडून 'हो' आणि 'बरं' यापलीकडं शब्द फुटला नव्हता.

"अगं, चढ आधी! ऊन वर आलं."

"काल मी विहिरीवर खुरपं धूत होते. तुमचा ट्रॅक्टर गेला निघून. दोन कोस चिखल तुडवत आले मी."

"नजरचूक झाली गं. अकरा डोकी दिसली, वाटलं झालं."

"बाराजणी आहोत आपण."

ट्रॉलीतल्या अकराजणी इकडंतिकडं बघायला लागल्या. एकीनं डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. आता काल यातल्या एकीलाही ती आठवली नसेल? आठवली होती की! पण तिच्यासाठी ट्रॅक्टर थांबवा म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही.

नोकरी लावतो म्हणून नेणाऱ्यानं तिला विकलं होतं, हे गावाला ठाऊक. सुटका झाल्यावर ती दोन वर्षं संस्थेत राहिली, तेही ठाऊक. तिथं रोज संध्याकाळी सातला हजेरी व्हायची. तिला त्याचा भारी संताप. "गुरं मोजता का आम्हाला?" म्हणून संस्थेतल्या बाईंशी कडाकडा भांडलीही होती. आणि आता? भावाच्या घरामागच्या खोलीत सात वाजले की पाय आपसूक दाराशी जायचे. पुढच्या घरात वहिनी पोरांना एकेकाचं नाव घेऊन जेवायला बोलवायची. हिला हाक नाही. काल चिखलानं माखून आली, तर 'उशीर का झाला' एवढंही कुणी विचारलं नाही. त्याचंच तिला रडू आलं होतं.

"चुकलं बाई माझं," मुकादमीण म्हणाली. "आता तरी चढ."

ती चढली.

संध्याकाळी मुकादमीण मोजायला बोट उचलते तोच ती ट्रॉलीत उठून उभी राहिली.

"थांबा. मी मोजते."

एकेकीच्या तोंडाकडं बघत तिनं मोजलं. अकरा झाल्यावर स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"बारा. हजर."

"झालं का गं बायांनो?" पुढून ड्रायव्हर ओरडला.

"झालं. चला आता," तीच म्हणाली.

शेजारची बाई जराशी सरकली. जागा द्यायला की अंग चोरायला, ते तिनं विचारलं नाही. पाय पसरून ऐसपैस बसली.